अर्धं उत्तर, २०० ओके आणि जॉन पोस्टेल

मोबाइलवर मोठी फाइल डाउनलोड करताना मध्येच नेट गेलं, की फोन डाउनलोड फेल झाल्याचं दाखवतो. आपल्याला वैताग येतो, पण खरं तर फोनने आपलं काम चोख केलेलं असतं. फाइल पाठवायच्या आधीच सर्व्हरने ती किती बाइटची आहे हे सांगितलेलं असतं. फोन आलेले बाइट मोजतो आणि कमी भरले की बोंब मारतो. आता समजा, सर्व्हरने तो आकडा सांगितलाच नाही तर? मग फाइल संपली की तुटली, हे फोनला कळणार कसं?

माझ्या कामात हे 'समजा' एकदा खरंच घडलं. मी मिडलवेअरवर काम करतो. दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत, तेव्हा मध्ये उभं राहून एकाचं म्हणणं दुसऱ्याला पोचवणारं सॉफ्टवेअर म्हणजे मिडलवेअर. आमचं मिडलवेअर एका दूध संघाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरकडून सभासदांची यादी घ्यायचं आणि बँकेकडे द्यायचं. रोज छोट्या याद्या जायच्या, कधी काही अडलं नाही. दिवाळीच्या आधी दर फरकाची मोठी यादी आली आणि शेवटच्या दोन गावांतल्या लोकांच्या खात्यात पैसेच जमा झाले नाहीत. दर फरक म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर सणाच्या तोंडावर मिळणारी जादा रक्कम. त्यावर घरातली दिवाळी ठरते. फोनवर फोन. आमच्या लॉगमध्ये मात्र सगळं हिरवं. स्टेटस २०० ओके, एरर शून्य.

दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की यादी आमच्याकडेच अर्धी येत होती. का ते पुढे सांगतो. त्या दोन दिवसांत मी इंटरनेटचे जुने नियम उकरत बसलो होतो. हे नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांक घातलेल्या कागदपत्रांत आहेत. टीसीपी उघडा, ईमेल उघडा, फाइल ट्रान्सफर उघडा, वर एकच नाव दिसतं: जॉन पोस्टेल. नाव आधी ऐकलं होतं. माणूस कोण होता हे तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं.

पहिलाच मेसेज अर्धा

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावचा. शाळा लॉस एंजेलिसमधली व्हॅन नाइस हायस्कूल. गंमत म्हणजे इंटरनेटच्या इतिहासातली आणखी दोन मोठी नावं, व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर, याच शाळेतली. पुढे तिघंही यूसीएलए या विद्यापीठात लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत एकत्र आले. तिथे १९६९ मध्ये अर्पानेटचं पहिलं केंद्र सुरू झालं. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचं बीज, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभं राहिलेलं. पोस्टेल तेव्हा पंचविशीतले विद्यार्थी होते.

२९ ऑक्टोबर १९६९ ला रात्री याच प्रयोगशाळेतून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या कॉम्प्युटरला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. इंग्रजी अक्षरं एकेक करून जात होती. 'एल' पोचलं, 'ओ' पोचलं, 'जी' ला पलीकडची सिस्टिम कोसळली. पलीकडच्या कॉम्प्युटरला शब्दाची उरलेली अक्षरं आपणहून पुरी करायची सोय होती. ती अक्षरं त्याने एका झटक्यात परत पाठवायला घेतली, आणि प्रोग्रॅम तर एका वेळी एकच अक्षर धरून लिहिलेला. बफर पुरला नाही. साधारण तासाभरात दुरुस्ती करून पुन्हा लॉगिन केलं आणि ते जमलं.

म्हणजे या नेटवर्कवरचा पहिलाच मेसेज अर्धवट गेला, आणि तोही बफर छोटा पडल्यामुळे. आज मिडलवेअरमध्ये रिस्पॉन्स कापला गेला की आम्ही सगळ्यात आधी तपासतो त्या यादीत बफरचं माप असतंच. पण त्या रात्रीची चूक एका अर्थाने चांगली होती. सिस्टिम धाडकन पडली, त्यामुळे काहीतरी बिघडलंय हे दोन्हीकडच्या लोकांना लगेच कळलं. आमच्या दूध संघाच्या यादीने तेवढंही केलं नाही.

आकड्यांची वही

अर्पानेटवर एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम कुणी वरून दिले नव्हते. विद्यार्थ्यांनीच ते लिहायला घेतले. क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये पहिला आरएफसी लिहिला. नावातच विनंती आहे, की वाचा आणि मत कळवा. हे कागद गोळा करणं, तपासणं, त्यांना क्रमांक देणं हे काम लवकरच पोस्टेल यांच्याकडे आलं आणि मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, त्यांच्याकडेच राहिलं. अडीच हजारांच्या आसपास कागदपत्रं.

दुसरं काम आकड्यांचं. एका कॉम्प्युटरवर अनेक सेवा चालतात, तर कुठली सेवा कुठल्या नंबरवर हे सगळ्यांनी सारखंच मानायला हवं. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका आरएफसीत सुचवलं की हे नंबर वाटायला एक मुखत्यार नेमावा, आणि तो मुखत्यार आपणच असावं का, असं कंसात प्रश्नचिन्ह टाकून विचारलं. कुणी हरकत घेतली नाही. आज आपण ज्याला पोर्ट नंबर म्हणतो त्यांची नोंद अशी सुरू झाली. ईमेलचा २५, डीएनएसचा ५३. जुलै १९९२ च्या त्यांच्या यादीत वेबसाठी ८० हा नंबर दिसतो. ही यादी त्यांनी सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांच्याबरोबर काढली होती. या कामाला पुढे 'आयाना' असं भारदस्त नाव मिळालं, पण ऑफिस म्हणजे मुख्यतः पोस्टेल आणि एकदोन सहकारी.

लांब दाढी, पायात सँडल, सुट्टीत पाठीवर सॅक टाकून डोंगरात भटकंती. फोटो बघितलेत तर कुणी ऋषी वाटावा असा माणूस. १९७४ मध्ये त्यांनी पीएचडी केली, विषय होता कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या प्रोटोकॉलचं विश्लेषण. मग एकदोन नोकऱ्या करून १९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फॉर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये गेले, समुद्राकाठच्या मरीना डेल रे इथे. तिथून ते हलले नाहीत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी एक टिपण लिहिलं. तेव्हा टीसीपी हा एकच जाडजूड प्रोटोकॉल होता, पाकिटं गावोगाव पोचवणं आणि दोन टोकांमधलं बोलणं नीट ठेवणं ही दोन्ही कामं तोच करायचा. पोस्टेल यांनी स्पष्ट सांगितलं की ही गल्लत आहे, दोन्ही वेगळी करा. त्यातून टीसीपी आणि आयपी वेगळे झाले. नंतर यूडीपी १९८० मध्ये आणि आयपी, टीसीपी १९८१ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली आरएफसी म्हणून आले. जुन्या प्रोटोकॉलवरून सगळ्या नेटवर्कने नव्यावर कसं यायचं याचा आराखडाही त्यांचाच. १ जानेवारी १९८३ ला ते स्थलांतर झालं. तुमच्या फोनमधलं प्रत्येक ॲप आजही त्याच पायावर उभं आहे.

उदारपणाचा नियम, आणि त्याची अट

आता मुद्द्याचं. पोस्टेल यांचं नाव इंजिनिअरिंगच्या पोरांना बहुतेक एकाच गोष्टीमुळे माहीत असतं, पोस्टेलचा नियम. जानेवारी १९८० च्या आयपीच्या मसुद्यात तो आहे. पाठवताना अगदी नियमाला धरून पाठवा, घेताना मात्र समोरच्याच्या बारीकसारीक चुकांवरून अडून बसू नका, असा त्याचा आशय. त्या काळात याची फार गरज होती. दर विद्यापीठाने आपापलं सॉफ्टवेअर लिहिलेलं, प्रत्येकात काहीतरी वाकडं. सगळेच हट्टाला पेटले असते तर नेटवर्क जोडलंच गेलं नसतं.

आमच्या मिडलवेअरमध्ये हाच उदारपणा भरून ठेवला होता. यादी सीएसव्हीमध्ये यायची, एका ओळीत एक सभासद. एखादी ओळ वाचता आली नाही तर ती सोडून पुढे जा, असं सेटिंग. मी येण्याआधी कुणीतरी ठेवलेलं, आणि कोडमधल्या कॉमेंटमध्ये चक्क पोस्टेल यांच्या नियमाचा दाखला. जेसन असतं तर शेवटचा कंस सापडला नाही म्हणून पार्सर तरी ओरडला असता. सीएसव्ही कुठेही तोडा, उरलेली सीएसव्ही शहाण्यासारखी दिसते. शेवटची अर्धी ओळ वाचता आली नाही, सोडून दिली. बाकी यादी बँकेकडे.

तेव्हा मला पोस्टेल यांचाच राग आला होता, खोटं कशाला बोलू. आणि मी एकटा नाही. हा नियम चुका पोसतो, अशी टीका बरीच वर्षं होतेय. जून २०२३ मध्ये निघालेला एक आरएफसी याच विषयावर आहे. त्यात म्हणणं असं, की घेणारा चुका पोटात घालत गेला की पाठवणारा कधी सुधारत नाही, आणि काही वर्षांनी ती चूकच रूढी होते.

पण मूळ १९८० चा मजकूर वाचला तर त्यात एक छोटी अट आहे, जी आमच्या कॉमेंटमध्ये नव्हती. ज्याचा अर्थ अजूनही स्पष्ट लागतोय तेच स्वीकारायचं. रकान्यात एखादी जागा जास्त सुटली, अर्थ लागतो, घ्या. अर्ध्यात तुटलेल्या यादीचा काय अर्थ लागतो? कुठली नावं राहिली हे यादीत लिहिलेलंच नसतं.

एकट्या टिंबाची ओळ

पोस्टेल स्वतः अर्ध्या मेसेजचं काय करायचे? याचं उत्तर त्यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या ईमेलच्या नियमांत, म्हणजे एसएमटीपीमध्ये, आहे. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात सुंदर काम हेच.

ईमेल किती लांब असेल हे आधी सांगायची सक्ती नाही. मग शेवट कसा ओळखायचा? एका ओळीत नुसतं एक टिंब आलं की मेल संपला. पण कुणी आपल्या मजकुरातच तशी ओळ लिहिली तर? म्हणून पाठवणाऱ्याने टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे आणखी एक टिंब लावायचं आणि घेणाऱ्याने ते काढून टाकायचं. साधी युक्ती, कसली आकडेमोड नाही. टिंब आल्यावर घेणारा सर्व्हर २५० हा कोड पाठवतो आणि तिथून पुढे त्या मेलची जबाबदारी त्याची.

आणि टिंब यायच्या आधीच कनेक्शन तुटलं तर? पोस्टेल यांनी इथे तिळमात्र उदारपणा ठेवला नाही. घेणाऱ्याने चालू असलेला अर्धा व्यवहार रद्द करायचा, आधी पुरे झालेले व्यवहार मात्र तसेच ठेवायचे. पाठवणाऱ्याने तात्पुरती अडचण आली असं समजायचं, म्हणजे पुन्हा प्रयत्न करायचा. १९८२ मध्ये लिहिलेले हे दोन-तीन नियम आमच्या मिडलवेअरमध्ये असते तर दिवाळीत ते फोन आले नसते.

फाइल ट्रान्सफरचं थोडं वेगळं आहे. एफटीपीचा पहिला आराखडा १९७१ चा, अभय भूषण यांचा. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. ऑक्टोबर १९८५ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली. त्यातल्या नेहमीच्या पद्धतीत फाइल संपल्याची खूण म्हणजे कनेक्शन बंद होणं. म्हणजे तोच घोळ, संपली की तुटली? पण एफटीपीत दोन कनेक्शन असतात, एक माल न्यायला आणि एक बोलायला. माल पोचला की बोलण्याच्या कनेक्शनवर २२६ येतो, तुटला तर ४२६. दुसऱ्या तोंडाने खातरजमा.

डीएनएस तर आणखी प्रामाणिक. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी ही व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी बनवली, पोस्टेल यांच्याच संस्थेत, त्यांनीच सोपवलेलं काम म्हणून. तिचं उत्तर यूडीपीवर ५१२ बाइटपर्यंतच मावायचं. जास्त असेल तर सर्व्हर उत्तर कापतो, पण कापलंय असं सांगणारा एक बिट चालू करून पाठवतो. विचारणाऱ्याने तो बघायचा आणि टीसीपीवर पुन्हा विचारायचं.

वेब आलं तेव्हा हा धडा थोडा मागे पडला. १९९६ मध्ये नोंदवलेल्या एचटीटीपी १.० मध्ये लांबी सांगितली नाही तर कनेक्शन बंद होणं हाच शेवट. एफटीपीसारखं दुसरं कनेक्शनही नाही. १९९७ च्या १.१ मध्ये तुकड्यातुकड्यांत पाठवायची सोय आली, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा. ते शून्य आलं नाही तर उत्तर अपुरं. टिंबाचाच भाऊ.

आमचं मिडलवेअर जुनं, एचटीटीपी १.० बोलणारं. समोरच्या सर्व्हरने लांबी सांगितलेली नाही. दोघांच्या मध्ये एक प्रॉक्सी, ३० सेकंद काही आलं नाही की तो कंटाळायचा. मोठी यादी बनवताना हिशोबाचं सॉफ्टवेअर मध्येच जास्त वेळ थांबलं, प्रॉक्सीने आमच्याकडचं कनेक्शन सभ्यपणे बंद केलं. टीसीपीत कनेक्शन संपायच्या दोन तऱ्हा आहेत, सांगून फोन ठेवणं आणि धाडकन कट करणं. प्रॉक्सीने सांगून ठेवला. आम्हाला वाटलं बोलणं झालं. आणि २०० ओके तर पहिल्या ओळीतच येऊन गेलेला, यादी सुरू व्हायच्याही आधी. तो शेवटाबद्दल काहीच सांगत नाही.

तुमच्यापैकी कुणी असं काही शोधत असाल तर मला उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. मी तीच विनंती दोनदा केली, एकदा प्रॉक्सीतून आणि एकदा थेट. दोन्ही फाइलींचे बाइट मोजले आणि शेवटच्या ओळी शेजारी ठेवल्या. दरवेळी एकाच मापावर कापलं जात असेल तर बफर किंवा साइझची मर्यादा शोधा. माप बदलतं पण वेळ तीच येते, तर टाइमआउट शोधा. आमचं दुसरं निघालं.

जानेवारी १९९८

नव्वदीत इंटरनेटमध्ये पैसा आला आणि पोस्टेल यांचं जग बदललं. डोमेनची नावं वाटण्याच्या त्यांच्या साध्या पद्धती मार्च १९९४ च्या एका आरएफसीत आहेत. देश कुठला आणि कुठला नाही हे आपण ठरवायचं नाही, आंतरराष्ट्रीय यादीतले दोन अक्षरी कोड वापरायचे. त्यातलाच आपला डॉट इन, जो कित्येक वर्षं मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून चालवला जायचा. पण डॉट कॉमवर आता पैसे मिळत होते आणि ही सगळी व्यवस्था कुणाची, यावर अमेरिकन सरकार, कंपन्या आणि जुनी मंडळी यांच्यात ओढाताण सुरू झाली.

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी डीएनएसचे मूळ सर्व्हर चालवणाऱ्या लोकांना ईमेल केला, की यापुढे मुख्य यादी कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्या. आठ सर्व्हरनी ऐकलं. हुकूम नव्हता, करार नव्हता, एका माणसाच्या शब्दावर. वापरणाऱ्यांना काहीच जाणवलं नाही, कारण दोन्हीकडच्या याद्या सारख्याच होत्या. वॉशिंग्टनमध्ये मात्र खळबळ उडाली. सरकारकडून फोन गेला, आणि साधारण आठवड्याभरात पोस्टेल यांनी सगळं पूर्ववत केलं. ती एक चाचणी होती, असं त्यांनी सांगितलं. खरंच चाचणी होती की ताकद दाखवणं, यावर लोक अजून वाद घालतात. मला ते ताकद दाखवणंच वाटतं, आणि थोडं धोक्याचंही. ज्या माणसाने प्रत्येक गोष्टीला खातरजमा ठेवली त्याने ही एक गोष्ट कुणाला न विचारता केली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली, पोस्टेल यांचं काम पुढे नेण्यासाठी. तिच्या उभारणीत ते स्वतः होते. पण महिनाही धड झाला नाही आणि १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने. वय ५५. दुसऱ्याच दिवशी शाळेपासूनचे सोबती व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर लेख लिहिला. तो आरएफसी म्हणूनच निघाला, क्रमांक २४६८. तोवर क्रमांक देणारे हात पोस्टेल यांचे होते.

आमच्याकडे पुढे काय झालं तेवढं सांगतो. प्रॉक्सीचा वेळ वाढवला, पण तो तात्पुरता उपाय. मिडलवेअर १.१ वर नेलं. आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरवाल्यांना सांगून यादीच्या शेवटी एक ओळ वाढवून घेतली, त्यात एकूण सभासद किती आणि एकूण रक्कम किती. ती ओळ आली नाही किंवा बेरीज जुळली नाही, तर अख्खी यादी टाकून द्यायची आणि पुन्हा मागायची. कोडमधली ती कॉमेंट मी पुसली नाही, तिच्याखाली अट लिहिली. राहिलेल्या दोन गावांचे पैसे वसुबारसेच्या दुपारी जमा झाले.